दूध-साखर आधी बाजूला

प्रश्न : गवती चहा, वेलचीचा चहा आणि अर्ल ग्रे एकापाठोपाठ प्यायले, पण फरक नीटसा कळला नाही. कसं चाखावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दूध-साखरेने वास दबतो, म्हणून चाखताना दोन्ही नकोत. चहाचे पारखी 100 मिलीलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती घेऊन 6 मिनिटं झाकून ठेवतात. तेच प्रमाण तिन्हींना ठेवा. झाकण काढताच वास घ्या, मला तर अर्धी ओळख तिथेच पटते. जरा निवल्यावर चमच्याने खुशाल आवाज करत भुरका मारा, हवेबरोबर गंध नाकात चढतो. अर्ल ग्रे या सुगंधी काळ्या चहामधलं बर्गमोटच्या (लिंबाच्या जातीचं एक फळ) सालीचं तेल तोंडात रेंगाळतं, तो शेवटी घ्या. गवती चहाची पात ताजी, कात्रीने बारीक कापलेली हवी. वेलची मात्र आयत्या वेळी कुटा. डब्यातल्या जुन्या पुडीवरून तिची पारख करू नका.