गाडीच्या आरसीची मुदत कधी संपते हे कसं बघायचं? आणि नूतनीकरण कसं करतात?

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. तारीख आरसीवरच छापलेली असते. कार्ड हाताशी नसेल तर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. तिथे विमा आणि पीयूसीच्या तारखाही दिसतात, त्यात गल्लत करू नका.

मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा. अर्ज आणि शुल्क परिवहनच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतं, पण गाडी तपासणीला आरटीओत न्यावीच लागते. लोक अडकतात ते इथे. विमा, पीयूसी चालू हवेत आणि थकलेली चलनं आधीच भरून टाका. टायर, दिवे, हॉर्न, ब्रेक नीट करून घ्या. इंजिन आणि चासी नंबर वाचता येतील इतके साफ करा. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो, तो बरेचजण विसरतात. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव अजून असेल, तर तेही काढून घ्या.

नूतनीकरण ५ वर्षांसाठी मिळतं. उशीर झाला की महिन्यागणिक दंड वाढत जातो, आणि मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढणं बेकायदा. एजंटची तशी गरज नाही, एक सकाळ मोकळी ठेवा.