एसआयपी थांबवण्याआधी शी तपासा

प्रश्न: आमचा बीगल कुत्रा ४ वर्षांचा, वजन १२ किलो. पोट फार नाजूक, वर्षभरात डॉक्टर-औषधांवर १८,००० गेले. कोरड्या खाण्याला महिना ३,६०० लागतात. ताजं खाणं घरपोच देणारी कंपनी ११,५०० मागते. वर्षाचे एकदम भरले तर १५ टक्के सूट. हातात पगार ७८,०००, घराचा हप्ता २६,०००. ८,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) थांबवून हे करू का?

उत्तर: एसआयपी थांबवू नका. आणि सवलतीच्या मोहात वर्षाचे १,१७,३०० तर मुळीच भरू नका. दुसऱ्याच महिन्यात पोट बिघडलं तर ते पैसे सोडवत बसाल.

खर्चातला फरक महिना ७,९०० आहे. डॉक्टरचा खर्च शून्यावर आला (येत नाही, पण धरू) तरी १,५०० च वाचतात. बीगल १२ ते १५ वर्षं जगतो, म्हणजे उरलेले ६,४०० हा आठ-दहा वर्षांचा हप्ताच झाला. तीच ८,००० ची एसआयपी ९ वर्षं चालवली आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर १४ लाखांच्या आसपास जाते.

मुळात पोट कशाने बिघडतंय, हेच अजून ठरलेलं नाही. पाकिटावरच्या घटकांत पहिलं नाव बघा. तिथे चिकन असेल आणि ताज्या डब्यातही चिकन-भातच असेल, तर बाधणारी गोष्ट तीच राहते, नुसती महाग होते. जंत किंवा जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघाले तर खाणं बदलून काहीच साधत नाही. म्हणून आधी शी तपासून घ्या. तो खर्च एकदाच आहे.

तपासणीत काही निघालं नाही तर कंपनीकडून एकाच महिन्याचं खाणं घ्या. बोनस मिळत असेल तर पैसे त्यातून काढा. बदल दर दोन दिवसांनी दहा टक्के, म्हणजे जवळपास तीन आठवडे. इथे लोक हमखास चुकतात: वाटीला वाटी बदलतात. बीगलला दिवसाला साधारण ७२० कॅलरी लागतात. कोरडं १९० ग्रॅम पुरतं; ताज्यात बरंच पाणी असल्याने तेच ५५० ग्रॅम लागतं. म्हणून पहिले दोन दिवस १७० ग्रॅम कोरडं, ५५ ग्रॅम ताजं. शी पातळ झाली तर पुढे जाऊ नका, आदल्या पायरीवर परता. फ्रीझरही मोजून घ्या, पंधरा दिवसांचा माल आठ किलोच्या वर भरतो.

फरक पडला तर तेच घरी करता येतं. रोज २६५ ग्रॅम कच्चं बोनलेस चिकन, ७० ग्रॅम तांदूळ, ८० ग्रॅम लाल भोपळा, दोन चमचे तेल. मीठ, कांदा, लसूण नाही. महिन्याला सुमारे आठ किलो चिकन लागतं, किलोला ३८० धरले तर त्याचे ३,०४० होतात, बाकी सामान आणि गॅस ७००. नुसत्या मांसभातात कॅल्शियम जवळजवळ नसतं. त्यामुळे पशुवैद्याने वजनावरून ठरवून दिलेली पूड रोज घालावीच लागते. तिचे ८०० धरा. हात आखडायची जागा ही नव्हे, हाडांचा खर्च पुढे कितीतरी पट येतो.

एकूण ४,५४०. आजच्यापेक्षा ९४० जास्त, एसआयपीला हात न लावता निघतील एवढे. चिकनच बाधतंय असं निघालं तर मासे किंवा अंड्यांवर हाच हिशोब पुन्हा मांडा. मटणावर गेलात तर मात्र आकडा कंपनीच्या दराकडे सरकू लागेल.