बगॅस कन्व्हेयरवर सहाऐवजी आठ दात्यांची स्प्रॉकेट बसवावीत का?

साखर कारखान्यातील तुमच्या दुहेरी चेनच्या बगॅस (उसाचा चोथा) कन्व्हेयरच्या चेनचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधील अंतर, १५० मि.मी. आहे, हेड शाफ्टवर (चेन ओढणाऱ्या टोकाच्या शाफ्टवर) सहा दात्यांची स्प्रॉकेट (दातेरी चाके) आहेत, चेन धक्के देत चालते आणि दाते लवकर झिजतात. अशा वेळी आठ दात्यांची स्प्रॉकेट बसवावीत का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते जरूर बसवावीत, मात्र गिअरबॉक्सचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि परतीच्या चेनसाठी असलेली जागा तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

चेन स्प्रॉकेटभोवती वर्तुळासारखी नव्हे, तर बहुकोनासारखी वळते. त्यामुळे शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी चेनचा वेग दात्यागणिक कमीजास्त होत राहतो. हा फरक सहा दात्यांवर सुमारे १३.४ टक्के, आठ दात्यांवर ७.६, दहावर ४.९ आणि बारावर ३.४ टक्के असतो. सर्वांत मोठा फायदा सहावरून आठवर जाण्यातच आहे. पुढे खर्च वाढत जातो आणि फायदा आटत जातो.

आता गिअरबॉक्सकडे पाहा. पिच वर्तुळाचा (चेनच्या पिना ज्यावरून फिरतात त्या वर्तुळाचा) व्यास ३०० मि.मी.वरून ३९२ मि.मी. होईल, म्हणजे चेनवरील ओढ तेवढीच धरली तरी शाफ्टवरील टॉर्क सुमारे ३१ टक्क्यांनी वाढेल. शिवाय एका फेऱ्यात चेन ०.९ मीटरऐवजी १.२ मीटर सरकेल. म्हणून मिनिटाला १५ मीटर वेग कायम ठेवायचा असेल, तर शाफ्टचे फेरे साधारण १६.७ वरून १२.५ वर आणावे लागतील. हे काम केवळ व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) सोपवू नये, कारण त्याने वेग कमी होतो, पण गिअरबॉक्सची टॉर्क पेलण्याची क्षमता वाढत नाही.

जागेचा हिशेब बहुतेक वेळा राहून जातो. शाफ्ट आहे तिथेच ठेवला तर वरची चेन ४६ मि.मी. वर आणि परतीची चेन तितकीच खाली जाईल. वरची पातळी राखण्यासाठी शाफ्ट ४६ मि.मी. खाली घेतला, तर परतीची चेन एकूण ९२ मि.मी. खाली उतरेल आणि कदाचित खालच्या चॅनेलला घासेल.

धातूसाठी ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) घ्यावे आणि दाते इंडक्शन हार्डनिंग करून (विजेने तापवून पृष्ठभाग कडक करून) घ्यावेत. बगॅससोबत येणारी माती आणि वाळू कास्ट आयर्नचे दाते लवकर खाते. दात्यांच्या मुळाशी बगॅस ठासून बसू नये म्हणून तिथे मोकळीक ठेवण्यास सांगावे. परवडत असेल तर बोल्टने बसणाऱ्या तुकड्यांची रिम घ्यावी, म्हणजे ऐन गाळप हंगामात शाफ्ट आणि बेअरिंग न उघडता दाते बदलता येतात.

नवीन स्प्रॉकेटवर जुनी चेन चढवण्यापूर्वी ती ताणलेली ठेवून दहा पिचची लांबी मोजावी. मूळ १५०० मि.मी.ची लांबी १५३० च्या आसपास गेली असेल, तर चेनही बदलावी, नाहीतर नव्या दात्यांची झीज पहिल्या दिवसापासून सुरू होईल.

हेड शाफ्टवरील दोन्ही स्प्रॉकेट जोडीनेच मागवावीत आणि दोन्हींचे कीवे (शाफ्टवर पक्के करणाऱ्या कीची खाच) दात्याच्या संदर्भाने एकाच रेषेत कापून घ्यावेत. तसे न झाल्यास एक चेन पुढे राहते, स्लॅट (दोन चेनना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) तिरके होतात आणि सगळा भार एकाच बाजूवर येतो. टेल शाफ्टवर (दुसऱ्या टोकाच्या शाफ्टवर) मात्र एकच स्प्रॉकेट कीने पक्के करावे आणि दुसरे कॉलरच्या मध्ये शाफ्टवर मोकळे फिरू द्यावे, म्हणजे दोन चेन कमीजास्त ताणल्या गेल्या तरी त्या एकमेकींना ओढत नाहीत.