आधी तारखा, मग विषय

नागपूर

प्रिय बेटा,

आरोग्य विषयातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश पक्का झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. पत्रात तू विचारलंस की प्रबंधाला विषय कोणता घ्यावा. त्याचं उत्तर देतो, पण त्याआधी कॉलेजने हातात दिलेली नियमावली उघड. मुलं ती दोनदाच उघडतात: एकदा सही करायला आणि एकदा परीक्षेचा फॉर्म अडला की. तू ती पहिल्याच आठवड्यात वाच, आणि वाचताना प्रत्येक कामाची शेवटची तारीख आणि त्यावर सही कोणाची लागते एवढंच एका कागदावर उतरवत जा. अख्ख्या पुस्तिकेतून दीड पान निघेल. पुढची दोन वर्षं त्या दीड पानावर चालतात.

नियम नेमके कोणाचे, हे आधी पक्कं कर. नागपुरात एकाच विषयाची पदवी निरनिराळ्या छत्राखाली मिळू शकते. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्यांचे अध्यादेश, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाशी असेल तर त्यांचे, अभिमत विद्यापीठ असेल तर त्यांचे स्वतःचे, आणि मिहानमधलं एम्स स्वतःच पदवी देतं. हजेरी ७५ टक्के की ८०, थिअरी आणि इंटर्नल वेगवेगळे पास व्हायचे की बेरजेत, एटीकेटी (नापास विषय मागे ठेवून पुढे जाणं) किती विषयांपर्यंत, हे सगळं त्यावर बदलतं. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी कॉलेजांतला एमडीचा सीनियर मोठ्या आत्मविश्वासाने जे सांगेल ते त्याच्या अभ्यासक्रमाचं असतं. ऐकून घे, पण आपल्या पुस्तिकेतलं कलम बघ. पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत पुरी करायची, तेही बघून ठेव. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सर्वसाधारण चौकट नेमलेल्या काळाच्या पुढे दोन वर्षांची आहे, आणि अपवाद म्हणून आणखी एक.

हजेरीबद्दल एकच सांगतो. फील्डवर गेलेले दिवस आपोआप हजेरीत धरले जात नाहीत. गाइडच्या सहीचं पत्र महिन्याच्या महिन्याला ऑफिसात दे आणि पोच घे. सेमिस्टरच्या शेवटी एकदम चार महिन्यांची पत्रं नेलीस तर क्लार्क घेणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही.

आता तारखा. प्रबंध जमा करायची तारीख ३१ मार्च आहे असं धर आणि तिथून मागे मोजायला लाग. बायंडिंग, सह्या आणि साम्य तपासणीला (मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघायला) तीन आठवडे. गाइड दोनदा वाचणार, त्याला चार. लिहायला आठ. डेटाची साफसफाई आणि विश्लेषणाला चार. म्हणजे १९ आठवडे गेले, आणि आदल्या नोव्हेंबरच्या मध्यावर डेटा गोळा होऊन संपलेला हवा. तो गोळा करायला किती दिवस लागतील? ते नमुन्याच्या आकड्यावर, म्हणजे किती माणसं घ्यायची यावर ठरतं, आणि खरी गफलत इथेच होते.

आपण मोजणार ती गोष्ट लोकांत किती टक्के असते, म्हणजे तिचं प्रमाण किती, हे आधीच्या अभ्यासांत बघायचा कंटाळा आला की मुलं ५० टक्के धरून मोकळी होतात. मग नमुन्याचं सूत्र: १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ (चालेल एवढी ५ टक्क्यांची चूक) चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५ माणसं. दहा टक्के लोक नाही म्हणतील म्हणून ०.९ ने भागलं की ४२८. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आधी द्यायच्या आराखड्यात, आकडा छान दिसतो. आता फील्डवर ये. एक मुलाखत ३५ मिनिटांची, जाणं-येणं, वाट बघणं, समजावून सांगणं धरून दिवसाला सहा होतात. लेक्चर सांभाळून आठवड्याला तीन दिवस मिळतात, म्हणजे १८ मुलाखती. ४२८ ला २४ आठवडे, जवळपास सहा महिने, तेही एकही सुटी न घेता. त्याऐवजी आधीच्या विश्वासार्ह अभ्यासात प्रमाण १५ टक्के सापडलं, तर तेवढ्याच ५ टक्क्यांच्या चुकीला १९६ माणसं पुरतात. नकार धरून २१८, साधारण बारा-तेरा आठवडे. ग्रंथालयातली दोन दुपारची मेहनत फील्डवरचे तीन महिने वाचवते. मात्र आकडा कमी यावा म्हणून प्रमाण शोधू नकोस. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक हाच अभ्यास का घेतला हे विचारतात. आणि वस्त्या किंवा गावं निवडून त्यातली घरं घेणार असशील तर डिझाइन इफेक्टने गुणायचं विसरू नकोस; एकाच वस्तीतली माणसं एकसारखी असतात, म्हणून नमुना वाढवायचा तो गुणक. तो २ धरला की सगळं दुप्पट होतं.

नोव्हेंबरच्या मध्यातून तेरा आठवडे मागे गेलं की ऑगस्ट येतो. त्याच्या आत एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरचं संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र हातात हवं. हातात म्हणजे सही-शिक्क्यासह, "मीटिंगमध्ये पास झालं म्हणे" हे चालत नाही. मंजुरीच्या तारखेआधी भरलेला एक जरी फॉर्म सापडला तरी तो डेटा वापरता येत नाही. मागच्या तारखेची मंजुरी कोणतीही सरळ चालणारी कमिटी देत नाही.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तपासणीचे तीन मार्ग सांगतात: सूट, शीघ्र आणि पूर्ण बैठक. "माझा फक्त प्रश्नावलीचा अभ्यास आहे, मला मंजुरी लागत नाही" हे ठरवायचा अधिकार तुलाही नाही आणि गाइडलाही नाही. सूट आहे की नाही, हे कमिटीच ठरवते. त्यामुळे अर्ज सगळ्यांनीच करायचा. कमिटी केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, हेही विचारून घे. २०१९ च्या नियमांपासून जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या कमिटीला ती नोंदणी लागते. गाइड स्वतः कमिटीवर असतील तर तुझ्या प्रस्तावाच्या वेळी त्यांनी निर्णयातून बाहेर राहायचं असतं, आणि इतिवृत्तात तशी नोंद हवी.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा विज्ञानामुळे नाही. सारांशात नमुना २१८ आणि आत १९६. प्रश्नावली जोडलेलीच नाही. इंग्रजी माहितीपत्रकात रक्त ५ मिली आणि मराठीत "थोडंसं रक्त". पानांवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख नाही. जमा करण्याआधी एक दुपार फक्त आकडे जुळवायला ठेव. सगळ्या कागदांवर "आवृत्ती १.०" आणि एकच तारीख टाक. पुढे प्रश्नावलीतला एक प्रश्न जरी बदलला तरी १.१ करून कमिटीला कळवायचं, मंजुरी घ्यायची आणि मग वापरायचं. मंजुरीपत्रावरची मुदत बघून ठेव. बहुतेक ठिकाणी ती वर्षाची असते, आणि डेटा गोळा होता होता संपते.

संमतीपत्र मराठीत केलं की काम झालं, असं नागपुरात होत नाही. इथल्या मोठ्या दवाखान्यांच्या ओपीडीत मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडचे हिंदी बोलणारे लोक रोज असतात. हिंदी प्रत नसेल तर एक तर त्यांना वगळशील, नाहीतर तोंडी सांगून मराठी कागदावर अंगठा घेशील, आणि दोन्हीत अभ्यास बिघडतो. अंगठा घ्यायचा तेव्हा एक त्रयस्थ साक्षीदार लागतो, सगळं वाचून होईपर्यंत तिथे बसलेला. तुझा मित्र किंवा वॉर्डातली सिस्टर त्रयस्थ होत नाही. मुलांवरचा अभ्यास असेल तर पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली म्हणजे पालकांची संमती मिळाली असं होत नाही. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र तर आणखी वेगळं.

परवानग्यांचंही तसंच. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जायचं तर महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र, ग्रामीण पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जायचं तर जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं, मेडिकल किंवा मेयोत बसायचं तर डीन ऑफिसचं. काही कमिट्या ही पत्रं अर्जासोबत मागतात आणि काही अधिकारी आधी एथिक्सचं पत्र मागतात. या कोंबडी-अंड्याच्या घोळावर उपाय एकच. कमिटीकडून "परवानगी मिळण्याच्या अटीवर मंजूर" असं पत्र मिळतं का ते विचार.

सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही. तुझ्या अभ्यासात काहीही हस्तक्षेप असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी तिथे नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. हस्तक्षेप म्हणजे औषधच असं नाही. आशाताईंना प्रशिक्षण देऊन आधी-नंतरचे गुण मोजलेस तर तोही हस्तक्षेपच, आणि मुलं नेमकी इथे चुकतात. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण शंका विचारून अर्ज परत येतो. चार आठवडे हाताशी ठेव.

आता तुझा विषय. तू दोन कळवलेस: बांधकाम मजुरांमधला उष्णतेचा त्रास आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दोन्ही विदर्भाचेच. पहिला मोहात पाडतो, पण त्याचा हंगाम एप्रिल ते जून. कमिटीचं पत्र मार्चच्या मध्यापर्यंत नाही आलं तर पुढचा उन्हाळा थेट प्रबंध जमा करायच्या तारखेनंतर येतो. पारा ४५ च्या पुढे गेल्यावर साइटवर दुपारी मुलाखती घेणं मजुरालाही त्रासाचं आणि तुलाही, म्हणजे सकाळचे तीन तास हातात राहिले. पहिल्या सेमिस्टरच्या दिवाळीआधी सिनॉप्सिस तयार होत असेल तरच हा विषय घे.

सिकलसेलला हंगामाची अडचण नाही, पण गावात जाणार असशील तर ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आणि मग कापूस वेचणी, घराला कुलूप असतं. तिथे अडचण वेगळी आहे. घरात एकाचं निदान उघड झालं की भावंडांचं, लग्नाचं सगळं उघडं पडतं. म्हणून प्रश्नावलीवर नाव नको, फक्त कोड. नाव आणि कोडची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून, व्हॉट्सॲपवर कधीच नाही. आधार क्रमांक तर विचारूच नकोस. प्रबंधात छोट्या गावाचं नाव आणि समाजाचं नाव एकाच तक्त्यात आलं की माणूस ओळखू येतो. निकाल रुग्णाला कोण सांगणार, समुपदेशन कुठे होणार, हे प्रोटोकॉलमध्ये लिही. कमिटी विचारणारच. मला विचारशील तर दवाखान्याच्या ओपीडीतला सिकलसेलचा विषय घे, उपचार नियमित न घेण्याची कारणं असा. तुझ्या कॅलेंडरात तो बसतो.

साम्य तपासणीला घाबरू नकोस, पण आकडे माहीत असू दे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा जमा करायचं, ४० ते ६० ला वर्षभर जमा करायला बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश त्यातून वगळतात. आकडा फुगतो तो सहसा पद्धतीच्या प्रकरणात, कारण सीनियरच्या प्रबंधातला परिच्छेद जसाच्या तसा येतो. सिनॉप्सिस लिहितानाच स्वतःच्या शब्दांत लिही, म्हणजे शेवटच्या तीन आठवड्यांत शब्द फिरवत बसावं लागणार नाही. शब्द फिरवलेलं लिखाण मशीनला नाही कळलं तरी परीक्षकाला कळतं.

अभ्यासावर नियतकालिकात पेपर छापला तर त्यावर पहिलं नाव कोणाचं, हे गाइडशी डेटा गोळा करायच्या आधी बोलून घे आणि मेलवर लिहून ठेव. नंतर बोलायला अवघड जातं.

आणि तुझी पदवी दुसऱ्या विद्यापीठाची आहे, तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा (जुन्या विद्यापीठाच्या स्थलांतर दाखल्याचा) अर्ज या आठवड्यातच टाक. एलिजिबिलिटी, म्हणजे नव्या विद्यापीठाची पात्रता-तपासणी, अडली तर नोंदणी क्रमांक मिळत नाही, तो नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, आणि वर लिहिलेल्या सगळ्या तारखा तिथेच थांबतात. दीड पानाचा कागद झाला की फोटो काढून पाठव, बघून देतो.

कळावे,
तुझे सर