प्रोटोकॉल वाचला, आता थोडं बोलू

अनेक आशीर्वाद.

जनुक-उपचाराचा व्हेक्टर उंदरांत सुरक्षित आहे का, हे तपासायचा तू पाठवलेला प्रोटोकॉल वाचला. मांडणी नेटकी आहे, संख्याशास्त्राचा भागही पटला. अडले ते शेवटच्या पानावर. 'कोणतेही विपरीत परिणाम अपेक्षित नाहीत' असं तू आधीच लिहून मोकळी झालीयस. अगं, आपण इजा शोधायलाच बसतो ना? ती कुठे होऊ शकते, कधी दिसेल, कोणत्या प्राण्यात दिसेल, याचा विचार आराखड्यात नसेल, तर महिनाभराने लिहिलेल्या 'काही आढळलं नाही' या ओळीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

२०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स विल्सन यांच्या गटाने एक शोधनिबंध छापला. तो आधी वाच, बाकीचं नंतर. एएव्ही व्हेक्टर (पेशीत जनुक पोहोचवायला वाहन म्हणून वापरलेला विषाणू), शिरेतून, मात्रा किलोमागे २०० लाख कोटी कण. (अर्थसंकल्पात ऐकतो तेच लाख कोटी.) एका माकडाचं यकृत निकामी झालं आणि चौथ्या दिवशी त्याला दयामरण द्यावं लागलं. तोच व्हेक्टर त्याच मात्रेत डुकराच्या तीन पिल्लांना दिला, तर त्यांची यकृतं ठीक राहिली. पण चौदा दिवसांच्या आत तिन्ही पिल्लांचा तोल जायला लागला, धड चालता येईना. इजा होती पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींच्या गाठींत, म्हणजे डॉर्सल रूट गँग्लियात.

आता तुझ्या आराखड्यातली अवयवांची यादी बघ: यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुस, मेंदू. गँग्लिया नाहीत. त्या मणक्यांच्या फटीत बसलेल्या असतात, मुद्दाम काढल्याशिवाय हाती लागत नाहीत. पाठीचा कणा तसाच फॉर्मेलीनमध्ये टाकून नंतर स्लाइड कापू म्हटलंस तर पॅथॉलॉजिस्ट तुझ्या नावाने बोटं मोडेल. मान, छाती आणि कंबर या तिन्ही पातळ्यांवरच्या काढ. जननग्रंथीही यादीत घाल, प्राणी-नीती समिती विचारेलच.

प्रजातीचंही तेच. उंदरांची जात 'सी-५७ ब्लॅक-६, कारण प्रयोगशाळेत उपलब्ध' हे कारण मला चालणार नाही. पीएचपी-बी नावाच्या कॅप्सिडची (व्हेक्टरच्या प्रथिन-कवचाची) कथा तुझ्या पिढीला तोंडपाठ हवी. २०१६ साली कॅलटेकच्या मंडळींनी ते जाहीर केलं. ब्लॅक-६ उंदराच्या शिरेत टोचलं की मेंदूभर पसरायचं; सगळ्यांना वाटलं, गड जिंकला. मग बाल्ब-सी या दुसऱ्या जातीच्या उंदरात करून पाहिलं, पसरेना. माकडातही नाही. हे कॅप्सिड ज्या प्रथिनाला धरून रक्तवाहिनीची भिंत ओलांडतं, ते एलवाय-६ए, माकडांत आणि माणसांत नाहीच. त्यामुळे तुझ्या कॅप्सिडचा ग्राहक (पेशीवरचं ज्या प्रथिनाला ते चिकटतं ते) कोण, तो या उंदरात आणि माणसात सारखा आहे का, यावर एक परिच्छेद हवा. माहीत नसेल तर दोन जातींचे उंदीर घे.

निरोगी प्राणी घ्यायचा की आजारी, हे मात्र सोपं नाही, आणि इथे मलाही सरळ उत्तर देता येत नाही. एक्स-लिंक्ड मायोट्युब्युलर मायोपथी या स्नायूंच्या आजारात लॅब्राडोर वंशाच्या आजारी कुत्र्यांवर उपचार फार सुंदर चालला होता. उपचार न मिळालेल्या कुत्र्यांचं चालणं थांबलं, उपचार मिळालेली चालत राहिली. माणसांतल्या चाचणीत २०२० मध्ये जास्त मात्रा मिळालेली तीन मुलं दगावली, २०२१ मध्ये कमी मात्रेवरचं चौथं. दुखणं यकृताकडून आलं होतं. कुत्र्यांनी त्याची चाहूल दिली नव्हती. म्हणून आजारी प्राण्यात गुण आला की सुरक्षिततेचा कागदही त्याच प्राण्यावर उरकायचा मोह टाळ. रुग्णाला मूळ आजाराखेरीज आणखी काय असू शकतं, हे डॉक्टरांना आधी विचारून घे.

मुदतही तपास. चार आठवड्यांत यकृताची सूज कळेल. नवजात उंदरांना एएव्ही दिल्यावर यकृतात कर्करोगाच्या ज्या गाठी सापडल्या, त्या बऱ्याच उशिरा सापडल्या. हिमोफिलियाच्या कुत्र्यांना तर काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत सांभाळलं गेलं: गाठ कुणाला झाली नाही, पण व्हेक्टर जनुकसंचात घुसलेल्या पेशींचे वाढलेले कळप मात्र दिसले. तुला दहा वर्षं कुणी देणार नाही. निदान एक गट वर्षभर ठेवायची परवानगी माग.

आता हाताने करायच्या गोष्टी. शेपटीच्या शिरेत टोचताना शेपूट आधी कोमट कर, शीर फुगून वर येते. पिस्टन सहज सरकायला हवा. अडला आणि सुईच्या टोकाशी पांढरट फुगवटा आला, की मात्रा शिरेबाहेर गेली. असा उंदीर गुपचूप गटात ठेवायचा नाही. वहीत 'अर्धी मात्रा बाहेर' असं लिहायचं. रक्त काढताना जोर लावलास तर पेशी फुटतात आणि एएसटी (यकृताच्या इजेसाठी रक्तात मोजतात ते विकर) उगाच चढतो. मग यकृताच्या नावाने शंख करत बसशील. सीरम गुलाबी दिसलं तर तशी नोंद कर. विच्छेदनात यकृत सगळ्यात शेवटी, कारण व्हेक्टर तिथेच सर्वांत जास्त साठतो. आधी जननग्रंथी आणि मेंदू, दर अवयवाला नवं पातं. नाहीतर क्यूपीसीआरमध्ये (डीएनए मोजायच्या तपासणीत) अंडाशयात व्हेक्टर सापडेल आणि तो असेल कात्रीवरचा.

प्राणीगृहातल्या दादांशी रोज बोल. पिंजरे तेच बदलतात. 'ताई, हा मागचा पाय ओढतोय' हे त्यांना तुझ्या तपासण्यांच्या आधी दिसतं. त्यांच्या हाती नोंदीचा कागद दे. कुठल्या लक्षणावर प्राण्याला दयामरण द्यायचं, हेही आधीच लेखी ठरव. मरेपर्यंत वाट पाहणं क्रूर आहेच, शिवाय रात्री मेलेल्या उंदराच्या सडलेल्या ऊतींतून काही वाचताही येत नाही.

आणि मेलेले प्राणी लपवायचे नाहीत. सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अॅडिनोव्हायरस व्हेक्टर (एएव्हीहून वेगळा) दिल्यानंतर चार दिवसांनी गेला. त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, व्हेक्टर विल्सन यांच्या संस्थेचा. आधीच्या प्रयोगांत माकडं मेली होती. मात्रा जास्त होती, व्हेक्टरही आधीच्या पिढीचा होता, हे खरं. पण त्याला दिलेल्या संमतिपत्रात त्या माकडांचा उल्लेख नव्हता. जवळपास वीस वर्षांनी विल्सन यांच्याच गटाने वरचा तो माकडा-डुकरांचा निबंध स्वतःहून छापला, हे मला त्यांच्या खात्यात जमेचं वाटतं. तुझे गाइड 'तो एक उंदीर वगळूया' म्हणाले तर वगळण्याचं कारण लेखी माग. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

सुधारलेला आराखडा प्राणी-नीती समितीकडे जाण्याआधी एकदा पाठव. त्यात व्हेक्टरचा टायटर (दर मिलिलिटरमागे कण किती) कोणत्या पद्धतीने मोजला आणि आत जनुक नसलेली रिकामी कॅप्सिडं किती, हे हवं. नियंत्रण गटाला सलाइन नको, ज्या बफरमध्ये व्हेक्टर येतो तोच बफर दे. पुढच्या गुरुवारनंतर मी गावी नाही, तेव्हा त्याआधी आला तर बरं.