कार्ड जळलं नाही, पुसलं गेलंय

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. हिशेबाच्या जुन्या डेस्कटॉपवर पोरांनी २००८ सालची लिनक्सची बीटा सीडी चालवून पाहिली. तेव्हापासून मदरबोर्डवरचं लॅन बंद आहे, विंडोजमध्येही चालत नाही. दुरुस्तीवाले मदरबोर्ड बदला म्हणतात. ड्रायव्हरमुळे खरंच हार्डवेअर जातं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बोर्ड इतक्यात बदलू नका. सीडीतलं कर्नल (लिनक्सचा गाभा) २.६.२७ ची चाचणी आवृत्ती आणि लॅन चिप इंटेलची ८२५६६ किंवा ८२५६७ असेल, तर हा ओळखीचा रोग आहे. यात चिप जळत नाही. बायोसच्याच फ्लॅशमध्ये तिच्यासाठी राखलेला भाग, एनव्हीएम, बिघडतो. मॅक पत्ता (नेटवर्कवर मशिनची ओळख सांगणारा क्रमांक) आणि चिपच्या सेटिंग तिथं असतात, त्यामुळे विंडोज नव्यानं टाकूनही उपयोग नाही.

बदनाम झाला या चिपचा लिनक्समधला ई१०००ई ड्रायव्हर, चोर निघाला कर्नलमधला एफट्रेस, म्हणजे कर्नलची कामं टिपणारा तपासनीस. मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग) सुरू होतानाचा कोड काम झालं की मेमरीतून काढला जातो. एफट्रेसच्या यादीत मात्र त्याचे पत्ते तसेच राहत. पुढे तीच जागा एनव्हीएमला जोडली गेली, की एफट्रेस जुना कोड समजून तिथं हात घाली. त्यानं वापरलेली प्रोसेसरची सूचना आधी तुलना करते, पण तुलना जुळली नाही तरी लिहिण्याची फेरी मारतेच. मेमरीत त्यानं काही बिघडत नाही, फ्लॅशवर बिघडतं. ऑक्टोबर २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२७.१ आवृत्तीनं एफट्रेसचा हा चालू कोड बदलणारा भाग, डायनॅमिक एफट्रेस, बंद केला.

आधी बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन चालू आहे ना, ते बघा. मग आजच्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करून डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) वाचा. 'एनव्हीएम चेकसम इज नॉट व्हॅलिड' (चेकसम म्हणजे मजकूर शाबूत आहे का ते ताडणारी बेरीज) आणि एरर -५ दिसली, तर निदान पक्कं. नसेल तर दोष दुसरीकडे शोधा.

दुरुस्तीला अगदी त्याच मॉडेलचं चालू मशिन लागेल. त्यावर ईथटूल या लिनक्सच्या नेटवर्क आज्ञेला छोटं ई (-e) आणि 'रॉ ऑन' देऊन एनव्हीएमचा डंप, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, फाइलमध्ये घ्या. पहिले ६ बाइट म्हणजे मॅक; तिथं तुमच्या बोर्डाच्या स्टिकरवरचा पत्ता घाला. हे विसरलात तर एकाच नेटवर्कवर दोन मशिनं एका पत्त्यानं भांडतील.

खरी अडचण पुढे आहे. बिघडलेल्या मशिनवर चेकसम चुकलेला असताना ड्रायव्हर नेटवर्क इंटरफेसच उभा करत नाही, मग ईथटूल लिहिणार कुठं? ड्रायव्हरच्या सोर्समधली (मूळ कोडमधली) ती तपासणी काढून तो कंपाइल करावा, म्हणजे नव्यानं तयार करावा लागतो आणि 'राइटप्रोटेक्टएनव्हीएम' शून्य देऊन लोड करावा लागतो. नेहमीचा ड्रायव्हर आधी ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो आपोआप लोड होणार नाही. त्यानं फ्लॅशला कुलूप घातलं की हार्डवेअर रीसेटशिवाय ते निघत नाही. मग ती फाइल लिहायला ईथटूलला मोठं ई (-E) आणि मॅजिक आकडा द्या : चिपचा डिव्हाइस आयडी, त्याला जोडून इंटेलचा क्रमांक ८०८६. पहिल्या ६४ शब्दांची बेरीज हेक्समध्ये बीएबीए यायला हवी (अक्षरं जोडून वाचली तर 'बाबा'!), पण लिहिताना ड्रायव्हर ती स्वतःच जुळवतो.

कंपाइल करणारं कुणी हाताशी नसेल तर वेगळं गिगाबिट कार्ड स्लॉटमध्ये बसवून काम चालू करा, ऑनबोर्ड नंतर बघता येईल. दुकानात तसलीच आणखी मशिनं असतील तर त्यांचे डंप आजच काढा, आणि ते त्याच मशिनवर न ठेवता पेनड्राइव्हवर ठेवा. फाइलला मॅकचे शेवटचे ४ आकडे नाव म्हणून द्या, म्हणजे कुठली कुणाची ते कळेल.