तुमचे प्रश्न : उन्हाळ्यातली कडक ट्रेल आणि टायरची भानगड

उन्हाळा लागला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूर बदलतो, चिखल, गंजलेली चेन, किरकिरणारे ब्रेक सगळं मागे पडतं आणि जो तो माउंटन बाइकच्या टायरवर येतो. यावेळी तेच प्रश्न घेतलेत. काही फार लांबलचक होते ते थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : माझ्या २९ इंची हार्डटेलला (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) उंच नॉबचे, म्हणजे रबराच्या उंच गुठळ्यांचे टायर आहेत, पावसाळ्यात चिखलात एकदम भारी चालले. आता ट्रेल, म्हणजे डोंगरातली कच्ची वाट, वाळून टणक झालीये आणि त्याच टायरवर वळणात पुढचं चाक अचानक सुटतं. मित्र म्हणतो कमी नॉबचा टायर लाव. पण नॉब कमी केले तर ग्रिप अजून कमी नाही का होणार?

ही शंका बहुतेकांना येते, कारण दुकानात टायर हातात घेतला की आपण आधी नॉबच दाबून बघतो. पण उंच नॉब ग्रिप देतो तो जमिनीत घुसतो म्हणून. चिखलात, भुसभुशीत मातीत तो आत जातो आणि धरून ठेवतो. टणक जमिनीत तो घुसणारच नाही, मग वरच्यावर नुसता उभा राहतो, आणि वळणाचा जोर आला की तो रबराचा ठोकळा बुडापासून वाकायला लागतो आणि वाकता वाकता एकदम सटकतो. म्हणूनच तुम्हाला आधी हँडल थोडं लिबलिबीत लागतं आणि मग काही कळायच्या आत चाक गेलेलं असतं. त्यात चिखलाच्या टायरवर नॉब लांब लांब बसवलेले असतात, मधला चिखल झडून जावा म्हणून, त्यामुळे कडक जमिनीला टेकणारं रबर आधीच कमी. दिसायला दणकट, टेकायला किरकोळ.

आता मित्राचं अर्धं बरोबर आहे. मधले नॉब बुटके आणि जवळजवळ असलेला टायर कडक जमिनीवर पळतोही छान आणि धरतोही. पण उन्हाळ्यातली ट्रेल नुसती कडक कुठे असते? तिच्यावर बारीक खडी, कच, फुफाटा यांचा पातळ थर बसलेला असतो आणि पाडतो तो हा थर. फरशीवर बेअरिंगचे छर्रे सांडलेत आणि त्यावर पाय पडला, अगदी तस्सं. त्या थरातून खालच्या पक्क्या जमिनीपर्यंत पोचायला काहीतरी धारदार लागतं आणि वळणात ते काम करतात कडेचे नॉब. त्यामुळे टायर बघताना मधल्या नक्षीवर कमी आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, जास्त वेळ घालवा. कडेचे नॉब मध्यम उंचीचे, बुडाला रुंद, अंगठ्याने बाहेरच्या बाजूला दाबले तर सहज न लवणारे असे पाहिजेत. त्यांच्यावर बारीक चिरा असतील तर अजून चांगलं, त्या चिरांमुळे नॉबचा माथा जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे थोडा पसरतो.

अजून एक गोष्ट जी पॅकेटवर लिहिलेली नसते. काही टायरमध्ये मधले नॉब आणि कडेचे नॉब यांच्यात मोकळी पट्टी असते, मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण. सायकल धाडसाने एका बाजूला झुकवून वळणाऱ्याला हा टायर फार आवडतो कारण एकदा कडेचे नॉब टेकले की गाडी रुळावर असल्यासारखी जाते, पण जो अर्धवटच झुकवतो तो नेमका त्या पट्टीवर चालत राहतो, धड मधले नॉब नाहीत धड कडेचे नाहीत. तुम्ही वळताना सरळ बसून नुसतं हँडल फिरवत असाल (बरेच जण तेच करतात) तर मधे भरणीचे नॉब असलेला टायर घ्या, मॅक्सिसचाच असेगाय त्या जातीचा आहे, फक्त तो जड पळतो हे धरून चाला.

आणि हे सगळं वाचूनही टायर विकत घ्यायच्या आधी हवा तपासा. कडक जमीन म्हणून टायरही कडक पाहिजे असं समजून हवा ठासून भरणारे खूप आहेत. त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्रश्न : पुढे आणि मागे वेगळे टायर लावले तर चालतं का? आणि सेमी-स्लिक म्हणतात तो उन्हाळ्यासाठीच असतो ना?

चालतं काय, तसंच लावावं. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढे जास्त धरणारा, मागे जास्त पळणारा. मागच्या चाकावर वजन जास्त असतं त्यामुळे तिथे हलका पळणारा टायर लावला की पॅडल मारताना फरक लगेच कळतो.

नावंच हवी असतील तर, क्रॉस कंट्री छाप लांब राइड करणाऱ्यांसाठी व्हिटोरियाचा मेझकाल किंवा मॅक्सिसचा आयकॉन, दोन्ही बुटक्या दाट नॉबचे आणि कोरड्यासाठी नावाजलेले. जरा उतार, दगड, उड्या असतील तर पुढे डीएचएफ किंवा तत्सम आणि मागे मॅक्सिसचेच रेकॉन किंवा डिसेक्टर. हा डिसेक्टर ऑस्ट्रेलियाचा डाउनहिल (उतारावरच्या शर्यतीचा) रायडर ट्रॉय ब्रॉस्नन याच्यासोबत बनवलाय, डाउनहिलवाल्यालाही पळणारा टायर लागतो हे त्यावरून कळतं. कॉन्टिनेंटलने २०२२ मध्ये उतारवाल्या टायरची नवी रांग काढली त्यात झायनोटाल खास कडक कोरड्या जमिनीसाठी ठेवलाय. बाकी कंपन्यांचेही याच जातीचे टायर मिळतात, नावापेक्षा वर सांगितलेला आकार बघा.

सेमी-स्लिकबद्दल मात्र सांभाळून. मिनियन एसएस, रॉक रेझर हे त्यातले, मधे जवळजवळ काहीच नाही आणि कडेला पूर्ण उंचीचे नॉब. कडक, स्वच्छ ट्रेलवर मागच्या चाकाला मजा आणतात. पण तीव्र उतारावर सुट्या खडीत सरळ रेषेत ब्रेक दाबला की मागचं चाक नुसतं वाहत जातं, कारण ब्रेक लावताना काम मधल्या नॉबचं असतं आणि ते तिथे नाहीतच. तसंच खडीच्या चढावर उभं राहून पॅडल मारलं की चाक जागच्या जागी फिरतं. तुमच्या ट्रेलवर खडीचा थर जाड असेल तर सेमी-स्लिक राहू द्या. पुढच्या चाकाला तर मी कधीच सांगणार नाही.

प्रश्न : रबर मऊ की कडक? पॅकेटवरचे शब्द काही कळत नाहीत.

कळू नयेत म्हणूनच लिहिलेत की काय असं वाटतं खरं. मॅक्सिसमध्ये ड्युअल, मग मॅक्सटेरा, मग मॅक्सग्रिप असं कडकाकडून मऊकडे जायचं. श्वाल्बेच्या अॅडिक्स टायरवर रंगीत रेघ असते, लाल, निळी, केशरी, जांभळी, याच क्रमाने रबर मऊ होत जातं. काही ठिकाणी नुसता आकडा असतो, शोअर ए, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं माप, त्यात ६० च्या आसपास म्हणजे कडक आणि ४२ च्या आसपास म्हणजे चांगलंच मऊ.

कडक जमिनीवर नॉब घुसत नाही म्हटल्यावर ग्रिप येते ती रबर चिकटण्यातून, म्हणून माझ्या मते इथे नक्षीइतकाच रबराचा विचार करावा, आणि लोक नेमका तोच करत नाहीत. पण अति मऊ रबर कडक आणि दगडी ट्रेलवर भराभर झिजतं, मागे तर फारच. उन्हात रबर स्वतःहूनही थोडं मऊ पडतं. त्यामुळे पुढे मधलं, म्हणजे मॅक्सटेरा किंवा केशरी रेघ, आणि मागे त्याहून एक पायरी कडक. बस.

प्रश्न : हवा किती भरू? सकाळी भरतो २५ पीएसआय आणि दुपारी टायर दगडासारखा वाटतो, हा भास आहे का?

भास नाही, साधं विज्ञान आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २० अंशाला २५ पीएसआय भरलेला टायर दुपारी ट्रेलवर तापून ४५ अंशांवर गेला तर आतला दाब साधारण ३ पीएसआयनी वाढतो, म्हणजे २८ च्या वर. कार किंवा ट्रकच्या टायरला ३ म्हणजे काही नाही, इथे मात्र तेवढ्याने टायरची सगळी तऱ्हा बदलते, बारीक खडीवर तो दबायच्या ऐवजी टणाटण उडायला लागतो. म्हणून दुपारी जायचं असेल तर सकाळी एक-दोन पीएसआय कमी भरा, किंवा ट्रेलच्या सुरुवातीला सावलीत पाच मिनिटं थांबून तिथेच मोजा. मोजायला डिजिटल गेज घ्या, उभ्या पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो.

किती भरायची याला एक आकडा नाही. ७०-७५ किलोचा माणूस, २.४ इंची ट्यूबलेस टायर, तर पुढे २१ ते २३ आणि मागे २४ ते २६ इथून सुरुवात करा. आत ट्यूब असेल तर ४-५ जास्त, नाहीतर दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. मग एकाच ओळखीच्या वळणावर एक-एक पीएसआय कमी करत बघा. टायर वळणात आडवा लोळायला लागला किंवा रिम ठणकन दगडाला लागली की समजा खाली जास्त उतरलात, दोन वाढवा. नवा टायर घ्यायच्या आधी हे एक संध्याकाळ करून बघाच, निम्म्या लोकांची तक्रार इथेच मिटते.

प्रश्न : जेवढा रुंद तेवढा चांगला?

नाही. कडक ट्रेलला २.३ ते २.५ भरपूर झालं, आणि त्याला रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिलिमीटर असली की टायरचा आकार नीट बसतो. २.६ च्या वरचा टायर कमी हवेवर आरामदायक लागतो पण जोरात वळताना डुलतो. फ्रेममध्ये मागे जागा किती आहे तेही आधी बघा, खडी अडकून फ्रेम घासलेली सायकल बघवत नाही.

प्रश्न : ट्यूबलेस केलंय, तरी काटे लागून हवा जाते. सीलंट तर टाकलंय.

कधी टाकलंय ते मात्र लिहिलं नाहीत! सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं पातळ द्रव, हे बहुतेक लॅटेक्सचं असतं आणि ते आतल्या आत वाळतं, उन्हाळ्यात अजून लवकर. थंड हवेत चार-पाच महिने टिकणारं उन्हात दोन महिन्यांतच खपली होऊन टायरला चिकटलेलं सापडतं. चाक कानाशी धरून हलवा, आत पातळ काही खळखळत नसेल तर संपलंय. २९ इंची टायरला साधारण १०० मिली लागतं, व्हॉल्व्हचा गाभा काढून तिथूनच ओतता येतं, टायर उघडायची गरज नाही. जुन्या खपल्या वर्षातून एकदा सोलून काढा, नाहीतर वजन वाढत जातं. काटा दिसला तर ट्रेलवर उपटू नका, घरी आल्यावर काढा आणि भोक खालच्या बाजूला करून चाक थोडा वेळ तसंच ठेवा.

काट्यांऐवजी साइडवॉल दगडाने फाटत असेल तर सीलंट काही करू शकत नाही, तिथे जाड केसिंग, म्हणजे रबराखालचं धाग्यांचं कापड, लागतं. १२० टीपीआयचं (इंचाला १२० धागे) एकपदरी केसिंग हलकं आणि लवचिक असतं पण धारदार दगडाला लवकर बळी पडतं, अशा ट्रेलवर निदान मागच्या चाकाला तरी एक पायरी जाड घ्या. वजन वाढेल, पण फाटलेला टायर खांद्यावर घेऊन चालण्यापेक्षा परवडतं.

प्रश्न : मागचा टायर मधे झिजलाय, पुढचा अजून ठीक. एकच बदलू का?

हो, पण नवा पुढे लावा आणि पुढचा मागे ढकला, टायरवरच्या बाणाची दिशा बघून. मात्र कडेच्या नॉबच्या बुडाशी चिरा पडल्या असतील तर तो मागेही लावू नका, अशा टायरचे नॉब कडक जमिनीवर एकेक करून तुटतात.